उम्म सिमानचा दिवा

“एखाद्या संध्याकाळी माझा दिवा दिसला नाही ना, तर घरी बसून जपमाळ ओढू नकोस, पोरी. येऊन माझं दार वाजव.”

उम्म सिमाननं, म्हणजे सिमानच्या आईनं, रुलाला हे बजावलं होतं ते बाळाला बघायला आली तेव्हा. रुलानं हसण्यावारी नेलं. डोंगरावरच्या मरियामातेच्या देवळीत रोज तिन्हीसांजेला दिवा लावणारी ही काटक बाई. हिला काय धाड भरलीय? शिवाय रुलाच्या जिवाला दुसऱ्या काळजीची सवडच नव्हती. लेक रफ्का जरा शांत निजली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. नवरा चिडवायचा, कॉलेज केलंस ते पोरीचे श्वास तपासायला का?

सासूनं मात्र तिला देवळीच्या वाटेला लावलं. आमच्या लेबनॉनच्या डोंगरात बाईचं मन घरात मावेनासं झालं की ती देवळीपर्यंत चालून येते. जाताना मागायचं, येताना आभार मानायचे आणि वाटेत कुणाशी बोलायचं नाही.

त्या दिवशी रफ्काचा ताप उतरला होता. रुलानं तिला झोळीत घालून छातीशी बांधलं आणि ऑलिव्हच्या मळ्यांमधली चढण धरली. तोडणीचे दिवस होते, झाडांखाली कापडं अंथरलेली. पायाखाली रानझातराचा सुगंधी पाला चुरडला जाऊन त्याचा वास येत होता. रोजचंच मागणं तिच्या ओठांवर होतं: प्रभो, माझा डोळा लागला तर हिच्याकडे कोण बघेल? चढता चढता केव्हातरी तिच्या लक्षात आलं, की पोरीचा श्वास आपल्या गळ्याला ऊन ऊन लागतोय आणि आपण बोट धरलेलं नाही. मग ती नुसतीच चालत राहिली. काही न मागता.

देवळीशी पोचली तेव्हा सूर्य टेकला होता आणि दिवा विझलेलाच होता. म्हातारीची कंबर धरली असेल, तिची आज एक चढण वाचवू, असं रुलाच्या मनात आलं. कोपऱ्यातल्या बाटलीतलं तेल तिनं ओतलं, वात सारली, काडी ओढली. मातेच्या मूर्तीवर पिवळा उजेड पसरला. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

उतरताना खालच्या मळ्यात मळेवाला अबू घत्तास कापडं गुंडाळत होता. त्यानं वर पाहून छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, “लागला बाबा एकदाचा. म्हटलं, आज दिवा नाही, उम्म सिमानकडे जाऊन यावं. निघणारच होतो. वाचली माझी खेप.”

रुलाला उम्म सिमानचं ते बजावणं आठवलं. म्हातारीचं घर टेकाडाच्या पलीकडे होतं. गावातून तिचं दार दिसत नाही, दिसतो तो दिवाच. आणि तो तर आपण लावून आलो. वाटेत बोलायचं नाही हा नेम तिनं तिथंच मोडला.

“काका, तो मी लावला. चला.”

दार नुसतं लोटलेलं होतं. उम्म सिमान स्वयंपाकघरात आडवी पडली होती. देवळीसाठी तेल काढताना बुधली सांडली आणि त्यातच पाय घसरला. दुपारपासून हाका मारून घसा बसला होता, पाय हलत नव्हता. रुलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सवयीनं बोट नाकाशी नेलं.

“काढ ते बोट,” म्हातारी घोगऱ्या आवाजात म्हणाली. “जिवंत आहे मी. खिडकीतून देवळी उजळलेली दिसली, तेव्हाच म्हटलं, आता सकाळपर्यंत कुणी येत नाही. कुणी लावला गं?”

रुलाला रडू फुटलं. “मी. मला वाटलं, तुमची चढण वाचेल.”

“वेडी. चांगलंच केलंस,” म्हातारीनं तेलकट हातानं तिचा गाल चाचपला. “फक्त आधी दार वाजवायचं, मग दिवा.”

अबू घत्तास गाडी आणायला गेला. तोवर रफ्का जागी होऊन म्हातारीच्या पांढऱ्या वेणीशी खेळत होती.

आता स्वतःचं आणि म्हातारीचं अशी दोन्ही घरं सांभाळताना रुलाची तारांबळ उडते. बोट धरायला वेळ उरत नाही. पण तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. ज्यांचा दिवा लांबून दिसतो म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, असं कुणीतरी तुमचंही असेल. आज जरा त्यांचं दार वाजवून या.