अर्धं सांगितलेलं मत

गौरांगी अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आली, त्या आठवड्यात यामिनीने पेढे केले आणि कॅनडातल्या रिचमंड हिलच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत स्वतःच्या हाताने वाटले. न वाटून भागणार नव्हतं. गौरांगी तिची मावसबहीण, आणि नुसती मावसबहीण नव्हे, एका घरात वाढलेली. यामिनीची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हा शोभामावशीने तिला नागपूरला धरमपेठेतल्या आपल्या घरी नेलं आणि दोघी पोरींच्या वेण्या एकाच बैठकीत घातल्या.

पेढा तोंडात टाकून लोक म्हणत, "अहो, तुमची बहीण! वा. आणि तुमचं जरा राहिलं बघा."

यामिनीचं राहिलं होतं ते असं, की आदल्याच महिन्यात, ऑक्टोबरात, ती रिचमंड हिलच्या टाऊन कौन्सिलला उभी होती. सहा महिने दारोदार फिरली, दोन जोडी बूट झिजवले आणि निकालात तिसरी आली. तिच्या नावाच्या लॉन साइन्स, अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्या, बेसमेंटमध्ये भिंतीला टेकून पडल्या होत्या. नवरा, शंतनू, त्या रिसायकलिंगला द्यायचं म्हणे आणि ती म्हणे, राहू दे.

हरल्याचं दुःख एक वेळ पचलं असतं. पण जिंकली ती गौरांगी, हे काही केल्या पचेना. कॉलेजात वादविवादाच्या ढाली यामिनीने आणल्या होत्या. गौरांगीला स्टेजवर पाय टाकला की घाम फुटायचा. तिची भाषणं यामिनी लिहून द्यायची, आरशासमोर उभी करून घोकून घ्यायची. लग्न करून एक बफेलोला गेली, एक टोरांटोकडे आली, आणि वीस वर्षांत हे असं उलटं झालं. यामिनी कोणाजवळ बोलली नाही. पण टीव्हीवर बहिणीचा चेहरा दिसला, की ती हातातलं काम टाकून समोर उभी राही. बहीण चुकीचं इंग्रजी बोलते का, याकडे तिचे कान लागत. ती चुकत नसे, आणि त्याचा यामिनीला आणखी राग येई.

डिसेंबरात गौरांगी आईला यामिनीकडे आणून सोडून गेली. शोभामावशी व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. लेक आता वॉशिंग्टनला, जावई दिवसभर हॉस्पिटलात, मग बफेलोच्या रिकाम्या घरात त्यांनी भिंतींशी बोलायचं का?

"यमू, मी इथंच बरी," मावशी म्हणाल्या. यामिनीला फार बरं वाटलं. निदान हे एक माणूस तरी आपल्या वाट्याला आलं.

ते सुखही फार टिकलं नाही. मावशींचं अर्धं लक्ष टॅब्लेटवर. तिकडे अमेरिकेत सरकारच बंद पडलं होतं. राष्ट्राध्यक्षांना सीमेवरच्या भिंतीसाठी पैसे हवे होते, काँग्रेसचं कनिष्ठ सभागृह, हाउस, ते द्यायला तयार नव्हतं. त्या भांडणात कचेऱ्यांना कुलपं लागली आणि लाखो कर्मचारी पगाराविना राहिले. काहींना घरी बसवलं, काहींना फुकट राबवलं. गौरांगीने शपथ घेतली ती या धामधुमीत. बफेलोच्या विमानतळावर, बिनपगारी तपासणी करणाऱ्या लोकांच्या मधोमध उभी राहून ती बोलली, की यांचा पगार थांबलाय तोवर मीही पगार घेणार नाही.

मावशींना ते वेगातलं इंग्रजी कळत नसे. त्यांचं शिक्षण मराठीतलं, उभं आयुष्य शिवणाचे वर्ग चालवण्यात गेलेलं. "काय म्हणून राहिली गौरू? सांग ना," त्या विचारत, आणि यामिनी सांगे. सांगितलं, की मावशी डोळ्यांना पदर लावत.

"तुझे काका संपावर होते तेव्हा आपल्याकडे ज्वारीच्या कण्या शिजायच्या," त्या म्हणाल्या. "सरकारी नोकरी, आणि महिनोन्महिने हाती काही नाही. लोकांसमोर हसत राहायचं. गौरूनं ते लक्षात ठेवलं बघ."

"ती तेव्हा रांगत होती, मावशी. तिला काय आठवणार?"

"पोटात जातं पोरांच्या," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा त्या पडद्याकडे बघू लागल्या. यामिनीने केलेलं थालीपीठ पुढ्यात निवत होतं.

मग ते मतदान झालं. संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता. यामिनी ओट्यापाशी लॅपटॉप उघडून बसली होती. हाउसचं कोणतं मतदान कसं झालं, हे ती रोज बघे. बहिणीच्या नावापुढे हो की नाही, हे शोधण्याची तिला जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी सवय लागली होती. त्या दिवशी कचेऱ्या उघडणारं आणि सगळ्यांचे पगार देणारं विधेयक मतदानाला होतं. त्याआधी विरोधकांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने, एक उपसूचना आणली: कर्मचाऱ्यांना पगार द्या, कचेऱ्या मात्र बंदच राहू द्या. गौरांगीच्या पक्षाला तो सापळा वाटला. एकदा पगार झाले की दारं उघडण्याची निकड संपेल आणि भांडण वर्षभर लोंबकळेल. उपसूचनेवर गौरांगीने "नाही" म्हटलं. पाठोपाठ मूळ विधेयकावर तिने "हो" म्हटलं. दोन्ही मतं एकाच पानावर, एकाखाली एक होती.

"काय झालं गं आज?" मावशी मेथी निवडत होत्या.

यामिनीने क्षणभर पडद्याकडे पाहिलं. पुढे काय बोलायचं हे तिने ठरवलं नव्हतं, असं तिने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

"कामगारांना पगार द्यायचा का, यावर मतदान झालं, मावशी."

"मग?"

"गौरांगी नाही म्हणाली."

मावशींच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "नीट वाच."

"नीटच वाचलंय. हे बघा तिचं नाव आणि हे नो." पडदा तिने मावशींकडे वळवला, पण दुसरं मत दिसेल इतका खाली सरकवला नाही.

मावशींनी मेथी बाजूला सारली. त्या रात्री जेवल्याही नाहीत. यामिनीला आधी एक गोड ऊब जाणवली, लहानपणी गौरूला ओरडा बसला की वाटायची तशी. मग मावशींचं ताट झाकून ठेवताना ती ऊब गेली. तरी तिने काही दुरुस्त केलं नाही. सकाळी सांगू, म्हणाली. सकाळी मावशींनी स्वतःच फोन लावला.

बंद दाराआडून यामिनीला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मावशींना आवाज चढवायची सवय नव्हती.

"गौरू, तू त्या माणसांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढले. आणि पगाराची वेळ आली तर नाही म्हणाली? ... नाही, तुझं राजकारण मला कळत नाही. उपाशी माणसाला, थांब, आधी घराचं दार उघडू दे मग वाढते, असं म्हणतात का? ... तुझे बाबा असते तर काय म्हणाले असते?" पलीकडून बराच वेळ कोणी बोलत होतं. मावशी म्हणाल्या, "ते मला नको सांगू," आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात विरोधकांनी तशीच उपसूचना पुन्हा आणली. यामिनी लॅपटॉपसमोर होती. गौरांगीच्या नावापुढे यावेळी "हो" होतं. तिच्या पक्षातले मूठभर लोकच तिच्याबरोबर गेले होते. उपसूचना पडलीच, पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी गौरांगीला डोक्यावर घेतलं. पक्षाच्या दडपणाला न जुमानणारी नवी प्रतिनिधी, आईच्या शब्दाला मान देणारी लेक. पत्रकाराने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या आईने मला एक प्रश्न विचारला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं."

मंडळाच्या ग्रुपवर ती बातमी दिवसभर फिरत राहिली. 'यामिनीताई, तुमच्या घरातूनच गेला की हो फोन,' कोणीतरी कौतुकाने लिहिलं. यामिनीने फोन उलटा ठेवला. खड्डा खणायला गेले आणि बहिणीच्या बंगल्याचा पाया खणून दिला, असं तिला झालं.

सरकार उघडलं त्याच्या पुढच्या रविवारी गौरांगी गाडी घेऊन आईला भेटायला आली. सकाळपासून बर्फ पडत होता. जेवणं झाली तोवर ड्राइव्हवे पार भरून गेला. शंतनू बाहेर पडायला लागला तर गौरांगीने त्याच्या हातातलं फावडं घेतलं. "मी आणि ताई करतो शोव्हल. तुम्ही बसा."

दोघी आपापल्या टोकाने बर्फ ओढत होत्या. 

"त्या दिवशीचं दुसरं मत तू आईला सांगितलं नव्हतंस ना?" गौरांगीने विचारलं. मान वर न करता.

यामिनी थांबली. "नाही."

"मला फोनवरच कळलं होतं. आईला उपसूचना-बिपसूचना ठाऊक नाही. ज्या शब्दांत ती बोलली ते माझ्या विरोधकांचे होते, नाहीतर तुझे."

"मग तू तिला सांगितलं का नाहीस, की यमूने अर्धंच सांगितलं म्हणून?"

"सांगायला लागले होते. ती म्हणाली, ते मला नको सांगू." गौरांगीने फावडं बर्फात रोवलं. "आणि ताई, तिचा प्रश्न काही खोटा नव्हता. मी दुसरं मत दाखवून सुटू शकले असते. विमानतळावर माझ्या शेजारी उभ्या त्या बिनपगारी तपासणीवाल्या बाईपुढे नसते सुटले."

"तुझं तर भलंच झालं त्याने."

"पेपरात झालं. मला अर्थखात्याच्या समितीवर जायचं होतं. तिथे जाण्यासाठीच उभी राहिले होते म्हण. त्या मतापायी पक्षाने नाव काढून टाकलं."

ऐकून यामिनीला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला इतकी शिसारी आली की तिने हातातलं फावडं टाकून दिलं.

"माझा जीव जळतो गं तुझ्यावर," ती म्हणाली. "रोज जळतो. तुझ्या जागी मी हवी होते असं वाटतं."

"ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा उभी राहून पडले, तेव्हा तुझा फोन आला नव्हता. तू पडलीस तेव्हा मी फोन करत राहिले. तू उचलला नाहीस." गौरांगीने रोवलेलं फावडं उपटलं. "मी काही संत नाही. मलाही राग येतो. पण आईला मध्ये घालायला नको होतंस."

 यामिनी बुटांचा बर्फ न झटकताच आत गेली. मावशी खिडकीपाशी लोकरीचं काही विणत बसल्या होत्या. तिने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि दोन्ही मतं सांगितली, कोणतं आधी, कोणतं मागून, आणि आपण कोणतं गाळलं ते.

मावशींनी विणकाम मांडीवर ठेवलं. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"मला इंग्रजी येत नाही म्हणून मी तुझे डोळे घेतले होते, यमू," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरीला नको ते बोलले मी. तुझ्या शब्दावर."

"चुकलं माझं."

"हो. चुकलंच."

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी बॅग भरायला घेतली. "गौरूकडे जाते थोडे दिवस," त्या शंतनूला म्हणाल्या, यामिनीला नाही. निघताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नेहमीसारखा गालावर आणला नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी यामिनी दारात उभी होती. बहीण आईला घेऊन गेली, हेच आधी मनात आलं. मग आठवलं, की आई तिचीच होती.

फेब्रुवारी सगळा अबोल्यात गेला. यामिनी कामावर जाई, येई. हाउसचं मतदान बघणं तिने सोडलं. शंतनूने लॉन साइन्सचं पुन्हा विचारलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी फोन वाजला. मावशी होत्या. त्यांनी हवापाण्याचं विचारलं, भाजी कोणती केलीस विचारलं, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "आज तिथे काहीतरी मोठं मतदान होतं म्हणतात. टीव्हीवर गौरूला लोक नावं ठेवून राहिले. काय झालं गं?"

"गौरांगीने सांगितलं असेल ना?"

"सांगितलं. पण तिचं ती सांगणार. तू वाच. सगळं वाच."

यामिनीने लॅपटॉप उघडला. बहिणीचं नाव सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या मतावर "नाही" होतं, आणि त्याचं बातम्यांत काहूर माजलं होतं. तिने ते वाचलं. मग खाली गेली, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. टीका करणारे काय म्हणत होते तेही सांगितलं, आणि गौरांगीने दिलेलं कारणही.

"तुला काय वाटतं?" मावशींनी विचारलं. "बरोबर केलं तिनं?"

 उत्तर तिला माहीत होतं, पण ओठांवर यायला वेळ लागला.

"बरोबर केलं, मावशी," ती म्हणाली. "मी असते तर मीही तेच केलं असतं."

"बरं," मावशी म्हणाल्या. "आता मेथीचं सांग. फ्रोजन घेतली की ताजी?"