साहेब पाळण्यात

"तुमच्यातली आई घाबरतेय," साहेब म्हणाले. "पाळणे भरलेली गाडी दारात उभी आहे. माझ्या डोळ्यांदेखत पाळणा बिघडवून दाखवा, नाहीतर माल निघाला."

दाखवू कसा? आमचा पाळणा बाळाचा श्वास मोजत झुलतो. मोजायला त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पाळणा हलवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मी टायमर लावलाय. बाळ उचललं की ड्रायव्हर त्याच्यासाठी राखलेली मेमरी मोकळी करतो. नेमका तेव्हाच टायमर वाजला, तर तो त्या मोकळ्या जागेत हात घालतो आणि अख्खा कर्नल, म्हणजे सगळं चालवणारा मूळ प्रोग्रामच, आडवा होतो. मग मोटार आवरायला कोणी उरत नाही. पिठाच्या गोणीवर हे घडेना. गोणी कुठे श्वास घेते?

"हात्तिच्या!" साहेबांनी बूट काढले आणि प्रदर्शनासाठी केलेल्या भल्यामोठ्या पाळण्यात चढले. "मोजा."

दोन झोक्यांत घोरायला लागले.

आता त्यांना झोपेतच उचलायचं होतं. पण हात लावणार कोण?

"माझी पगारवाढ अडकलीय," चाचणीवाला कुजबुजला. चुका काढून रक्त पितो म्हणून त्याला आम्ही ढेकूण म्हणतो.

"तू पाय धर. मान मी घेते."

लेकीला उचलते तसा मानेखाली हात सरकवला. उचललं. काही नाही. ठेवलं, थोपटलं, पुन्हा उचललं. बाहेर गाडीवाला हॉर्न मारत होता. कितव्यांदा तरी पाळण्याची स्क्रीन काळी पडली आणि रिकामा पाळणा थेट छताकडे झेपावला.

साहेबांनी आमच्या हातांवरच डोळे उघडले. पाळणा पाहून माझी बाही घट्ट धरली.

"मला खाली ठेवू नका."

"ढेकर काढू का, साहेब?" ढेकूण म्हणाला.

"आधी गाडी थांबव, गाढवा!"

टायमर नुसता रद्द करून भागत नव्हतं. तो वाजत असेल तर त्याचं काम संपेपर्यंत थांबायचं, जाता जाता त्याला पुढचा गजर लावू द्यायचा नाही, आणि मगच मेमरी सोडायची. तसं ड्रायव्हरमध्ये लिहिलं.

"आता कोण झोपणार?" साहेब भिंतीला चिकटून म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच होतं, टायमर माझा. चढले. "भरपूर वेळा उचला," बजावलं, आणि मोटारीच्या आवाजाकडे कान लावून डोळे मिटले.

जाग आली ती टेबलावर. अंगावर साहेबांचा कोट होता. पाळणा जागच्या जागी, स्क्रीन चालू.

"कितीदा उचललंत?"

"मोजायचं सोडून दिलं," ढेकूण दंड चोळत म्हणाला. "दुरुस्त पाळणे घेऊन गाडी केव्हाच गेली."