लांब्याची साखळी

चूक माझीच. आदल्या दिवसाच्या सपाट रस्त्यासाठी लावलेलं मागचं चाक सकाळी बदलायचं होतं, ते राहिलं. घाटात पाय हलका ठेवणारी मोठी दातेरी चकती त्या चाकाला नव्हतीच. वीस वर्षं सायकली जोडणाऱ्या माझ्या अकलेला नेमकं त्याच दिवशी कुलूप लागलं.

सायकल माझ्या भाच्याची. सहा दिवसांच्या शर्यतीत तो अकरा सेकंदांनी पुढे होता आणि हा शेवटचा घाट. मी प्रशिक्षकांबरोबर मागच्या गाडीत होतो. तो सीटवरून उठून एकेक पायडल दाबताना दिसला तेव्हा मला चाक आठवलं. चाक बदलायला वीस सेकंद तरी गेले असते. प्रशिक्षकांनी वायरलेसवर विचारलं, तर थांबणार नाही म्हणाला.

दुसऱ्या क्रमांकावरचा उंच पोरगा, आम्ही त्याला लांब्या म्हणायचो, त्याच्या मागेच होता. सहा दिवसांत दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. लांब्याने वाकून भाच्याचं चाक पाहिलं, मग वळून आमच्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. पुढच्याची सायकल मोडली तर त्याचा फायदा घ्यायचा नाही, असा शर्यतीतला अलिखित नियम आहे. पण ही मोडलेली नव्हती, एका गाढवाने चुकीची जोडली होती. आता हा सुसाट सुटणार म्हणून मी डोळे मिटले.

प्रशिक्षकांनी माझा दंड दाबला. लांब्याची साखळी मागच्या चाकाच्या लहान चकतीवर उतरली होती. त्याने आपणहून भाच्याइतकाच जड गिअर घेतला आणि तोही उभा राहून पायडल दाबू लागला.

पुढचे चार किलोमीटर मी खिडकीबाहेर डोकं काढूनच होतो. दोघं खांद्याला खांदा लावून चढत होते आणि कोणी तसूभर हटेना. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण माणूस असा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. आपला कोण आणि परका कोण, हेही मला कळेनासं झालं.

शेवटच्या वळणावर लांब्या निसटला. भाचा चौदा सेकंद मागे पडला आणि तीन सेकंदांनी शर्यत गेली.

भाचा रस्त्यावरच आडवा झाला. मी चूक कबूल केली, तर तिकडे लक्षच नाही. शेवटी लांब्याने हलका गिअर घेतला असणार, बघून ये, एवढंच धापा टाकत म्हणाला. मी जाऊन लांब्याची सायकल पाहिली आणि परत आलो.

"लहान चकतीवरच आहे रे."

तो कोपरावर रेलला. मग त्याने माझा तेलकट हात धरला.

"म्हणजे तुझ्यामुळे नाही, मामा. मीच हरलो."

आणि उठून लंगडत लांब्याकडे गेला.