डिसेंबरात नवीन येतंय

माझी बायको गैक सिम गेली त्या दिवशी मी कॉम्प्युटरच्या मॉलमध्ये उभा होतो. तिनेच पाठवलं होतं. "म्हाताऱ्या, फक्त एवढंच विचारून ये, लॅपटॉपचं नवीन मॉडेल कधी येतंय. काही घेऊन येऊ नकोस," असं तिने दारातून बजावलं होतं.

दुकानात हिरव्या नखांची एक मुलगी होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "अंकल, घाई असेल तर हा घ्या. थांबता येत असेल तर थांबा. डिसेंबरात नवीन येतंय, आतली चिप बदलणार आहे."

विसरू नये म्हणून 'डिसेंबर, डिसेंबर' म्हणत मी जिन्याकडे निघालो आणि फोन वाजला. शेजारच्या रोकियाचा होता.

"हुआत, घरी ये."

"का?"

"तू ये आधी."

मी पोचलो तेव्हा दारात अ‍ॅम्ब्युलन्स होती. तिची माणसं पायरीवर बसून पाणी पीत होती. त्यांना घाई नव्हती, त्यावरून मला कळलं. गैक सिम स्वयंपाकघरात पडली होती. गॅस रोकियाने बंद केला होता.

गैक सिम शाळेच्या ऑफिसात कारकून होती. निवृत्त झाल्यावर तिला व्हिडिओ बनवायचा नाद लागला. कुणाचं लग्न, कुणाच्या आजीची ऐंशी वर्षं, कुणाचं मयत. लोक फोटो आणून द्यायचे, ती ते गाण्यावर जोडायची. अख्ख्या गल्लीचे फोटो तिच्याकडे होते. लॅपटॉप मात्र आमच्या मुलीने टाकून दिलेला. मी पूर्वी बर्फाच्या कारखान्याची जी लॉरी चालवायचो, तिच्यासारखा त्याचा पंखा घरघरायचा. व्हिडिओ तयार व्हायला लावून ती झोपायची, आणि सकाळी बघावं तर शेवटाशी येऊन सगळं बंद पडलेलं.

"घेऊन टाक ना नवीन," मी म्हणायचो.

"थोडं थांबू. पुढचा आला की ह्याची किंमत पडेल."

पुढचा यायचा. मग त्याच्या पुढच्याची बातमी यायची. ती जेवताना फोनवर ते सगळं बघत बसायची, कुठला किती जलद, कुठल्याचा पडदा चांगला. तीन वर्षं हेच चाललं.

"तुला घ्यायचाच नाहीये," मी चिडून म्हणायचो.

"तू फ्रिज एका दिवसात घेतलास. बघ कसा थरथरतो तो. थंडी फ्रिजलाच वाजते."

मयताच्या दिवशी तिचा स्वतःचा व्हिडिओ बनवायला कोणी नव्हतं. आमची मुलगी यी व्हेन सिंगापूरहून आली होती, तिने फोनवरच काहीतरी जोडलं. त्यात एक फोटो दोनदा आला. गैक सिमने तो चालू दिला नसता.

आमच्यात मेलेल्यासाठी कागदाच्या वस्तू जाळतात, म्हणजे त्या त्याला तिकडे पोचतात; एकोणपन्नासाव्या दिवशी मोठं जाळायचं असतं. त्याच्या आधी मी आणि माझी मेव्हणी गैक हून, आम्ही दोघं टीकच्या दुकानात गेलो. टीक कागदाची घरं बनवतो. त्याच्या बापाने माझ्या आईचं घर बनवलं होतं. टीकने दोन मजली घर लिहून घेतलं, मोटार, एक मोलकरीण, कपड्यांची पेटी.

"खोल्या किती हव्यात?" त्याने विचारलं.

"चार कर. स्वयंपाकघर नको," मी म्हणालो.

"स्वयंपाकघर नको कसं, भावोजी?" गैक हून म्हणाली. "खाणार काय ती?"

"मोलकरीण आहे ना. बाहेरून आणेल."

टीकने मान खाली घालून लिहिलं. मग म्हणाला, "लॅपटॉप? आजकाल सगळे नेतात." त्याने फळीवरून एक काढला. पुठ्ठ्याचा होता, चांदीच्या रंगाचा, झाकणावर एक फळ छापलेलं, पण कुठलं फळ ते सांगता येत नव्हतं. चार्जरसुद्धा होता, काळ्या दोरीचा.

मी झाकण उघडून बघितलं. पडद्याच्या कडेला जाड काळी पट्टी होती. अशी जाड पट्टी जुन्याला असते, हे गैक सिमनेच मला शिकवलं होतं.

"हा जुना आहे," मी म्हणालो.

"हुआत को," टीक म्हणाला; तो मला को म्हणजे दादा म्हणतो. "कागदाचा आहे हा."

"घर पण कागदाचंच आहे. त्याच्या खोल्या का विचारल्यास मग?"

टीक हसला नाही. त्याने लॅपटॉप परत फळीवर ठेवला. "बरं. नवीन आला की फोटो आण. बघून बनवतो."

"नवीन डिसेंबरात येतो."

"मग चेंग बेंगला जाळा. एप्रिलमध्ये पितरांच्या दिवशी थडग्यावर जालच ना."

गैक हून मध्ये पडली. "एप्रिलपर्यंत ती काय करत बसणार? तिकडे ओळखीचे काय कमी आहेत? रोज कोणी ना कोणी येऊन म्हणत असेल, गैक सिम, माझा व्हिडिओ कर. आहे तो पाठवा, भावोजी. चालतो ना हा?"

"तिने जिवंतपणी घेतला नाही, तो ती मेल्यावर मी तिच्या गळ्यात मारू?"

"मारा. ओरडायला येणार आहे का ती?"

हे बोलल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. लॅपटॉप सोडून बाकीचं पक्कं करून आम्ही निघालो.

त्या दिवसांत मला घरात बसवत नव्हतं. चहा करायचो आणि तो न पिता बाहेर पडायचो. पाय मॉलकडेच वळायचे. हिरव्या नखांची मुलगी मला ओळखायला लागली. नखं आता जांभळी होती.

"अंकल, डिसेंबरातच येणार. रोज विचारून लवकर नाही येणार."

"तो जुन्यापेक्षा किती जलद?"

"काय काम करायचंय तुम्हाला?"

"मला नाही. बायको व्हिडिओ बनवते."

"मग आंटींनाच घेऊन या ना. हात लावून बघू देत."

"ती बाहेर आहे."

"कुठल्या देशात? तिकडचा प्लग वेगळा असतो, तसा चार्जर घ्यावा लागेल."

मी म्हणालो, विचारून सांगतो. बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो. बस आली आणि गेली, मी चढलो नाही.

रात्री यी व्हेनला फोन केला. ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. म्हटलं, ही नवी चिप खरंच इतकी चांगली आहे का?

"थोडी जलद असेल, पा. फार फरक नसतो. आईला मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, हवा तो घे, सगळे चांगले आहेत."

"मग तिने का नाही घेतला?"

"ती म्हणाली, घेतला की संपलं. मग बघायचं काय?" मग यी व्हेनने विचारलं, "पा, तुम्ही जेवलात का?"

मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

जाळायच्या दिवशी सकाळी टीक टेम्पोतून सगळं घेऊन आला. घर चांगलं झालं होतं, खिडक्यांना खरे पडदे लावले होते. स्वयंपाकघर त्याने केलंच होतं. पुजारी एकेका वस्तूवर गैक सिमच्या नावाची चिठ्ठी चिकटवत पुढे गेला. मोटार, मोलकरीण, पेटी. पेटीवर तो फळीवरचा लॅपटॉप होता. टीकने तो आपणहून आणला होता, 'माझ्याकडून' म्हणाला. पुजाऱ्याने त्यावरही चिठ्ठी चिकटवली.

सगळं अंगणात रचलं. काडी लावणार एवढ्यात मी पुढे झालो आणि लॅपटॉप उचलला.

"भावोजी!" गैक हून ओरडली. "नाव लागलंय त्याला. तिचा झाला तो."

"तिला हा नको होता."

"पा, ठेवा ना," यी व्हेन हळूच म्हणाली. "सगळे बघतायत."

पुजारी थांबला. त्याला पुढे आणखी एका घरी जायचं होतं. "काका, काय ते ठरवा. विस्तवाची वेळ चुकायला नको."

मी म्हणालो, लावा. त्यांनी लावला. घर आधी एका बाजूने काळं पडलं, मग छत आत बसलं. पडदे भुरकन गेले. मी लॅपटॉप काखेत धरून उभा होतो. धग तोंडावर येत होती. टीक माझ्या शेजारी येऊन थांबला.

"देऊन टाका, हुआत को. मोकळे व्हा."

"मोकळा होऊन काय करू?"

खिशातून सिगारेट काढून त्याने माझ्यापुढे धरली.

नवीन मॉडेल डिसेंबरात आलं. पहिल्याच दिवशी मी बघायला गेलो. चांगलं आहे. हलकं आहे, काळी पट्टी सुतासारखी बारीक. पंखा नाहीच, आवाज अजिबात नाही. मुलीने मला फोटो काढू दिले, उघडून, मिटून, बाजूने. टीकला दाखवले. तो म्हणाला दोन दिवसांचं काम आहे, केव्हाही सांगा.

परत निघताना मुलगी म्हणाली होती, "अंकल, आंटींना सांगा, खूपच घाई नसेल तर जूनमध्ये ह्याचा मोठ्या पडद्याचा येतोय. व्हिडिओसाठी तो बरा."

चेंग बेंग पुढच्या आठवड्यात आहे. गैक हूनने थडग्यावर न्यायचं सामान आणून ठेवलं आहे. यी व्हेनचं तिकीट झालं आहे. टीकने काल दोनदा फोन केला, मी उचलला नाही. लॅपटॉप कुठला बनवायचा, डिसेंबरातला की जूनमधला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.