आईचं अर्धं वाक्य

सृष्टीला युरोपात जायचं होतं, आणि तेही इंग्रजी शिकवायला. दुबईत, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी. तिला हे काम जमेल यात कुणाला शंका? पण युरोपातल्या शाळांना होती. सर्टिफिकेट होतं, ऑनलाइन क्लासेसचा अनुभव होता, पण पासपोर्ट भारतीय. स्पेनवाल्यांनी उत्तरच दिलं नाही. प्रागच्या एका बाईंनी 'आम्हाला नेटिव्ह स्पीकर हवेत' असं गोड शब्दांत कळवून वाटेला लावलं. जी पोरगी झोपेतही इंग्रजीत बडबडते, तिला हे ऐकून घ्यावं लागलं. डोक्यात तिडीक जाणार नाही तर काय!

शेवटी पोलंडमधल्या एका छोट्या शाळेने दार जरा किलकिलं केलं. मोठ्या माणसांची शाळा. डायरेक्टर म्हणाला, इंग्रजीचा गंध नसलेल्या मोठ्या माणसाला शिकवतानाचा व्हिडिओ पाठव. सोंग घेतलेला मित्र नको, खराखुरा विद्यार्थी हवा.

आता दुबईत असा माणूस शोधायचा कुठे? बिल्डिंगचा वॉचमन हनीफ तर "मॅडम, आय नो गुड इंग्लिश" म्हणून मोकळा झाला. मुदत संपत आली, आणि एका सकाळी सृष्टीची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

तिथे शोभना होती, तिची आई. लग्न होऊन ठाण्याहून आली त्याला पंचवीसेक वर्षं झाली. मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन तिचंच, तेही हातात कागद न घेता. पाठ केलेलं ती विसरली असं आजवर झालं नव्हतं. इंग्रजी मात्र समजायचं सगळं, बोलायचं म्हटलं की तारांबळ. बँकेत, दवाखान्यात ती सृष्टीला पुढे करायची.

"आई, स्कूलला एक व्हिडिओ हवाय. यू जस्ट सिट अँड टॉक टू मी," सृष्टी म्हणाली.

"माझं काय काम तिथे?" शोभनाने विचारलं, आणि उत्तरही तिनेच शोधलं. "पण बरोबर आहे त्यांचं. परक्या मुलीला नोकरी द्यायची, तर ती कुठल्या घरची आहे हे बघायला नको?"

खरं सांगायची वेळ हीच होती. सृष्टीने तोंड उघडलं, "येस, समथिंग लाइक दॅट" म्हटलं आणि मिटलं.

मग काय विचारता! सोफ्याची कव्हरं बदलली, कपाटातली नारायणपेठ निघाली, कानात कुड्या चढल्या. पोलंडहून कुणी चकली खायला येणार नव्हतं, तरी टेबलावर चकल्यांची बशी आली. पोळ्या लाटताना शोभनाचं पुटपुटत पाठांतर चालायचं. अडलं की नवऱ्याला, प्रकाशला, तो कामाला असलेल्या रास अल खोरच्या गोदामात फोन लावायचा आणि इंग्रजी शब्द विचारायचा. सृष्टीला हे सगळं ऐकू येत होतं.

कॅमेरा चालू झाला. शोभना ताठ बसली, घसा साफ केला आणि म्हणाली, "माय डॉटर इज..."

"व्हेरी गुड!" सृष्टीने हात वर करून तिला थांबवलं. लहान मुलाशी बोलावं तसं तोंडभर हसली. "डॉटर. रिपीट. डॉटर."

शोभना गोंधळली. पण लेकीच्या नोकरीचा प्रश्न, म्हणून मुकाट्याने "डॉटर" म्हणाली. मग खिडकीकडे बोट दाखवून "विंडो", बशीकडे दाखवून "प्लेट". मध्येच तिने पुन्हा धीर केला, "माय डॉटर इज..." पुन्हा सृष्टीचा हात वर. कॅमेरा बंद झाल्यावर शोभना म्हणाली, "अगं, माझं बोलायचं राहिलंच की."

"इट्स फाइन, आई. खलास."

पुढच्या आठवड्यात डायरेक्टरचा व्हिडिओ कॉल आला. शोभना पलीकडे मटार सोलत होती. डायरेक्टर खूश होता. अगदी पहिल्यापासून शिकवावं लागणारी विद्यार्थिनी, आणि तुझा धीर काय, असं म्हणाला. मग त्याने विचारलं, कोण आहेत या बाई?

"अ नेबर," सृष्टी म्हणाली. "शी इज न्यू हिअर."

मटार सोलणारे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

नोकरी मिळाली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या रंभाकाकू पेढे घेऊन आल्या आणि प्रकाशने व्हिडिओ बघायचा हट्टच धरला. सृष्टीने हो-नाही करून पाहिलं, पण त्याने तो टीव्हीवर लावलासुद्धा. "प्लेट, प्लेट" म्हणणारी शोभना बघून काकू जरा चपापल्या.

"अगं शोभना, तुला एवढंही..."

"काहीतरीच काय!" शोभना हसली. "ॲक्टिंग होती ती. त्यांना न येणारी बाई हवी होती, म्हणून मुद्दाम अडखळले. जमलं ना?"

"मंडळाच्या नाटकात घ्या हिला," प्रकाश म्हणाला आणि सगळे हसले. सृष्टीने हातातला पेढा तसाच खाली ठेवला. आईला ॲक्टिंग कर असं कुणीही सांगितलं नव्हतं. आपल्या तोंडून निघालेलं खोटं आई चारचौघांत आपल्या अंगावर घेत होती, आणि आपण गप्प बसून बघत होतो, याची तिला मनापासून लाज वाटली.

काकू गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. इंग्रजीत बोलायचं धाडस होईना.

"आई, मी तुला खोटं सांगितलं. आणि नेबर म्हटलं, ते... ते फार वाईट केलं मी."

"ऐकलं मी ते." शोभनाने गॅस बंद केला. मग म्हणाली, "तिथे माझ्या वयाच्या बायका येतील शिकायला?"

"हो. येतील."

"मग एवढं कर. चुकलं तर चुकू दे, पण त्यांचं वाक्य पुरं होऊ देत जा."

"तुझं वाक्य काय होतं, आई? माय डॉटर इज... त्याच्या पुढे?"

शोभनाने ओटा पुसला, फडकं धुऊन पिळलं आणि नळावर वाळत टाकलं.

"विसरले गं," ती म्हणाली.