दोन बोटांपुरतं तोंड

पडदे शिवायच्या कारखान्यात तिला सगळ्या बायका ‘रेडिओ’ म्हणत. मशीन थांबेल, पण हिची बडबड थांबायची नाही. घरीही तेच. सासूला अजिबात ऐकू येत नसे. ती ओठ वाचायची, आणि साऱ्या घरात तिला सुनेचेच ओठ नीट वाचता येत. संध्याकाळी दोघी खिडकीशी बसायच्या. सून बोलायची, सासू बघायची, आणि उजेड विझेपर्यंत दोघींना वेळेचं भान नसायचं.

एका हिवाळ्यात सुनेच्या कानापुढे, जबडा जिथे हलतो तिथे, ‘कट्’ होऊ लागलं. आधी चावताना, मग बोलतानाही. दुखणं गालातून कानशिलात चढे. एक दाढ काढून झाली, तरी ते हटेना. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. ती दातांतल्या दातांत बोलू लागली, मग बोलेनाशीच झाली. समोरची माणसं तिला पातळ पांढऱ्या पडद्याआडून दिसावीत तशी दूर वाटत.

“फार शिष्ट झालीय,” कारखान्यातल्या बायका म्हणाल्या.

“सारखं तोंड पाडून बसतेस. काही बिनसलंय का?” नवऱ्याने विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं.

सासूने विचारलंही नाही. सुनेला आपला कंटाळा आला असं धरून ती पाठ करून बसू लागली.

हे मात्र सुनेला सोसवेना. एका दुपारी ती सासूच्या समोर जाऊन बसली. “आई, मी...” एवढं म्हणेपर्यंत कळ आली आणि डोळे भरले. सासूने तिच्या गालावर हात ठेवला. तोंड मिटताना पुन्हा ‘कट्’ झालं. ते सासूच्या तळव्याला जाणवलं.

“अगं, इथे काहीतरी निसटतंय,” ती म्हणाली. “आणि मी वेडी, रुसून बसले.”

दुसऱ्याच दिवशी तिने मुलाला आणि सुनेला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा सांधा चाचपला.

“झोपेत दात खाता का?”

“करकर आवाज येतो खरा,” नवरा म्हणाला. “मला वाटलं, घरात उंदीर आहे.”

सुनेला हसू आलं, पण गालातल्या गालात.

झोपताना दातांवर बसवायची पट्टी मिळाली, गरम कापडाचा शेक, मऊ जेवण, आणि तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम. “साफ जाईल असं सांगत नाही,” बाई म्हणाल्या, “पण तुमच्या ताब्यात येईल.”

व्यायामाला सासूही बसे, बोळकं उघडून. तसे महिने गेले. कधी दुखायचं, कधी दिवसभर आठवणही व्हायची नाही.

एका रविवारी जेवणं झाल्यावर सुनेला जांभई आली. सवयीने ती दाबणार होती, पण दाबली नाही. जांभई सावकाश, पुरी आली, आणि कुठे काही अडकलं नाही. तिच्याकडे बघून सासूनेही जांभई दिली. मग दोघी तशाच, बसल्या जागी झोपून गेल्या.