जसंच्या तसं

हिम्मतराव वकिलांच्या तोंडात पान नसेल तर ते झोपलेले तरी असतात किंवा जेवत तरी असतात, असं हैदराबादच्या चिक्कडपल्लीत म्हणत. जेवतानाही एका गालात थोडं उरलेलं असतं, हे त्यांच्या बायकोचं, सुमनबाईंचं मत. घराणं निजामाच्या अमदानीपासून वकिलीतलं, त्यामुळे बोलण्यात मराठी, उर्दू आणि चवीपुरती तेलुगू असं सगळं कालवलेलं, आणि वर हे पान. ऐकणाऱ्याची काय गत होत असेल ती ज्याची त्यालाच ठाऊक.

ते बोलणं कळायचं एकट्या माधवीला. ती त्यांची मुलगी. फ्रॉक घालायची तेव्हापासून बैठकीत बापाशेजारी बसायची. वकीलसाहेब काहीतरी गुळगुळ करत आणि पक्षकार माधवीकडे बघत. "गाढवा, हा खटला तू बापजन्मी जिंकणार नाहीस," असं वकीलसाहेब म्हणाले, की माधवी सांगायची, "बाबा म्हणतात, वाट लांबची आहे, पण धीर सोडू नका." पक्षकार हात जोडून जाई आणि पुढच्या तारखेला परत येई. आपल्या स्पष्टवक्तेपणाची लोकांना कदर आहे, असं वकीलसाहेबांना वाटे. वाटू दे बापडं, त्यावर घर चाललं होतं.

बाकी या मुलीचं घोडं अडलं होतं बी.ए.च्या इंग्रजीच्या पेपरात. अख्ख्या जगाचं बोलणं तिला कळे, पण निबंध म्हटला की तिचं पेन सुकायचं. डिग्रीशिवाय माणसाला कुत्रं विचारत नाही, हे वकीलसाहेबांचं ठाम मत, आणि ते मात्र न सांगताही सगळ्यांना कळे. दर वर्षी तोच पेपर द्यायचा आणि कुणी बघायला येईपर्यंत वाट बघायची, एवढाच माधवीपुढचा रस्ता होता. तिला त्याचा वीट आला होता.

अशात नव्याण्णव साली तिने पेपरात जाहिरात वाचली. त्या दिवसांत हैदराबादेत जो तो कॉम्प्युटरच्या मागे लागलेला. दिलसुखनगरच्या इमारतींत तर मजल्यामजल्यावर क्लास निघाले होते. तिथल्याच एका नव्या कंपनीला मुली हव्या होत्या. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की टेपवर बोलायचे. ते बोलणं इकडे यायचं, आणि इथल्या मुलींनी ते कानाला हेडफोन लावून टाइप करायचं. डिग्रीची अट नाही, परीक्षा खुद्द कॉम्प्युटर घेईल, असं खाली ठळक छापलं होतं. टायपिंग माधवी गल्लीतल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकली होतीच. ती आईला सांगून आणि बापाला न सांगता गेली.

हेडफोनमधला अमेरिकन डॉक्टर काहीतरी खात खात बोलत होता. शेजारच्या मुली कपाळाला हात लावून बसल्या, माधवीला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. तिची बोटं भराभरा चालली. पण कॉम्प्युटरने तिचा मजकूर मूळ मजकुराशी ताडून पाहिला आणि पडदा लालेलाल केला.

तिथले मॅनेजर अप्पाराव खुर्ची ओढून बसले. गडी तेलुगू, गळ्यात टाय, स्वभावाने भला. औषधांची नावं, आजारांची नावं, सगळं तिने बिनचूक टिपलं होतं. चुकलं ते भलतीकडेच. 'ही बाई खोटारडी आहे, गोळ्या घेत नाही आणि माझं डोकं खाते,' असं डॉक्टर म्हणाला होता. माधवीने लिहिलं होतं, 'या बाई कधी कधी गोळ्या विसरतात, कृपया समजावून सांगावे.'

"कान बहुत अच्छे हैं तुम्हारे," अप्पाराव म्हणाले. "पन डॉक्टर कू सुधारो बोलके किसने बोला?"

आपण असं काही केलंय हे माधवीला तेव्हा कुठे कळलं. बिचारी ओशाळली. अप्पारावांनी तिला सोमवारी पुन्हा बोलावलं आणि बजावलं, जसंच्या तसं लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

सुमनबाईंच्या पोटात काही राहत नाही. रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, लालेलाल पडद्यासकट. हिम्मतराव चघळायचे थांबले. मुलगी न विचारता गेली याचा राग होताच, पण त्याहून मोठा घाव दुसराच होता. म्हणजे इतकी वर्षं आपण बोललो एक आणि लोकांनी ऐकलं दुसरंच! सोमवारी सुमनबाईंना घेऊन आपण स्वतः दिलसुखनगरला येणार, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या होकाराशिवाय माधवी नोकरीसाठी उंबरा ओलांडणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी माधवीने मन घट्ट करून डॉक्टरच्या शिव्यासुद्धा टाइप केल्या. पडद्यावर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता. अप्पारावांनी हात मिळवायला पुढे केला, तर मध्ये हिम्मतराव. मशीनचं समाधान झालं असेल, माझं नाही, असं ते म्हणाले, आणि माधवीने ते सांगितलं. या वेळी जसंच्या तसं. त्यांची अट अशी, की ते स्वतः माईकवर बोलतील आणि माधवीने ते टाइप करून दाखवायचं. एक अक्षर बदललं तर मुकाट घरी.

माईकवर वकीलसाहेब बोलले. मुलीला मऊ करायचा मोह व्हावा म्हणून त्यांनी मुद्दामच वाईट बोलायला सुरुवात केली. पुढे मात्र त्यांचा आवाज बारीक झाला. तो भाग कुणालाच कळणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

माधवीने हेडफोन लावले. अर्ध्यावर तिची बोटं थांबली. तिने पायाखालचं पेडल दाबून टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली आणि मान खाली घालून टाइप केलं.

मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी. अप्पारावांना अर्थ कळायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तो साऱ्या हॉलला ऐकू जाईल असा खणखणीत वाचला. "हा अप्पाराव म्हणजे टाय लावलेलं रेडकू आहे." स्वतःचं नाव आलेलं पाहून ते खूश झाले आणि पुढचं आणखी जोरात वाचू लागले. "माधवी इथे आली तर दिवसभर घरात माझं बोलणं कळणार कुणाला? मी काय भिंतीशी बोलू?"

सुमनबाई उगाचच पदराचा काठ सारखा करू लागल्या. हिम्मतरावांचे कान लाल झाले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं बोलणं जसंच्या तसं चारचौघांत गेलं होतं.

"मी असं बोललोच नाही," ते गुरगुरले. "खोटं आहे सगळं."

कुणालाच काही कळलं नाही. सवयीने सगळे माधवीकडे बघू लागले. माधवीने बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं.

"बाबा पूछ रे हैं," ती अप्पारावांना म्हणाली, "मैं काम पे कब से आना बोलके."

हिम्मतरावांनी तोंड उघडलं. हे खोडून काढायचं तर आधी पान थुंकायला हवं होतं. दाराशी कचऱ्याचा डबा होता. तो त्यांना दिसलाही. त्यांनी पान या गालातून त्या गालात सरकवलं आणि मान डोलावली.